कालाढूंगीचे घर

नैनीतालला जाऊन आलेली माणसे आज गावोगावी भेटतात. सरोवरातील नौकाविहार, नयनादेवीचे मंदिर, माल रस्त्यावरील फेरफटका आणि आकाश निरभ्र असेल तर हिमशिखरांचे दर्शन, एवढे पदरात पाडून घेऊन बहुतेक प्रवासी समाधानाने परततात. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, जेथे कुमाऊँचे चढ संपून मैदान सुरू होते, तेथे रस्त्याच्या कडेला एक साधे घर उभे आहे. त्या घराकडे मुद्दाम वळणारे प्रवासी त्या मानाने थोडे. वाचकहो, आज आपणांस त्या घरी न्यावयाचे आहे.

हे घर जिम कॉर्बेट यांचे. वाघांच्या अभयारण्याला ज्यांचे नाव दिले गेले आणि ज्यांच्या नरभक्षक वाघांच्या कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी श्वास रोखून वाचल्या, तेच हे कॉर्बेट. साहजिकच आपल्या मनात त्या घराचे एक चित्र तयार असेल: भिंतीवर वाघांची मुंडकी, जमिनीवर कातडी, कोपऱ्यात बंदुकांची रांग. प्रत्यक्षात तेथे शिकाऱ्याचा दिमाख औषधालाही सापडत नाही. त्या घरात राहणाऱ्या माणसाची खरी ओळख पटावयाची असेल, तर घराभोवतीचे गाव आणि गावाभोवतीची भिंत पाहावी लागते. आपणही तो क्रम पाळू.

नैनीतालहून कालाढूंगीला उतरणारा रस्ता खुरपातालच्या छोट्या तळ्यावरून आणि मंगोलीवरून वळणे घेत खाली येतो. अंतर सुमारे ३० किलोमीटर; परंतु एवढ्यात हवा, झाडे आणि माणसांचे कपडेही बदलतात. वर बांज आणि देवदार, मध्ये चीड, आणि खाली आल्यावर सालाचे उंच, सरळ वन. रेल्वेने येणाऱ्यांसाठी एका बाजूला काठगोदाम-हल्द्वानी आणि दुसऱ्या बाजूला रामनगर ही स्थानके आहेत. हल्द्वानी आणि रामनगर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोहोंपासून २५ ते ३० किलोमीटरांवर, कालाढूंगी वसलेले आहे.

या पट्ट्याला 'भाबर' म्हणतात, आणि भाबर म्हणजे काय ते समजल्यावाचून कालाढूंगीची कथा समजणार नाही. हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा हा प्रदेश. डोंगरातून उड्या मारीत येणारे ओढे येथे पोहोचतात आणि पाहता पाहता त्या गोट्यांमध्ये जिरून जातात. तेच पाणी पुढे काही अंतरावर तराईत पुन्हा वर येते आणि तेथे दलदल माजते. म्हणजे तराईत पाण्याचा सुकाळ, तर भाबरात विहीरही खणणे कठीण. येथे शेती करावयाची तर डोंगरातून कालवा खेळवून पाणी आणले पाहिजे. त्यातच पावसाळ्यात हिवतापाची साथ ठरलेली. म्हणून पूर्वी डोंगरातील शेतकरी थंडीत गुरेढोरे घेऊन भाबरात उतरत आणि उन्हाळा लागताच पुन्हा डोंगर चढत.

गावाच्या नावातही भूगोल आहे. कुमाऊँनी भाषेत 'ढुंगा' म्हणजे दगड; कालाढूंगी म्हणजे काळ्या दगडाचे ठिकाण. या दगडात लोखंड होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे लोखंड गाळण्याची भट्टी उभारली. भट्टीला कोळसा हवा, कोळशाला झाडे हवीत. हा धंदा पुढे चालू राहिला असता तर भोवतालचे वन उरले नसते. तो बंद पडला आणि वन वाचले. त्या भट्टीचे अवशेष आजही गावात पाहावयास मिळतात.

कॉर्बेट कुटुंब या भागात आले ते नोकरीच्या निमित्ताने. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे १८६२ साली नैनीतालचे पोस्टमास्तर म्हणून रुजू झाले. त्या काळी कुमाऊँचे कमिशनर हेन्री रॅम्से होते. त्यांच्याकडून कालाढूंगीस थोडी जमीन मिळाली आणि तेथे कुटुंबाचे हिवाळ्यातील घर उभे राहिले. जिमचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. घर माणसांनी भरलेले, मिळकत बेताची. जिम सहा वर्षांचा होण्यापूर्वीच, १८८१ साली, वडील वारले, आणि आई मेरी जेन यांनी हिकमतीने संसार सावरला.

उन्हाळा-पावसाळा नैनीतालला आणि हिवाळा कालाढूंगीला, असे त्या मुलाचे वर्ष विभागलेले होते. शाळा वर होती. परंतु खरे शिक्षण खाली झाले. कोणता पक्षी कशासाठी ओरडतो, वानराने दिलेली धोक्याची सूचना कशी ओळखावी, धुळीतील पाऊल ताजे की शिळे, वारा कोठून वाहतो आहे, हे सारे त्याने भाबरच्या वनात आत्मसात केले. शिकवणारे गुरू कोण? एक थोरला भाऊ टॉम, आणि दुसरा जवळच्या चांदनी चौक नावाच्या खेड्याचा मुखिया कुंवरसिंग. हा कुंवरसिंग चोरून शिकार करण्यात पटाईत म्हणून त्या भागात प्रसिद्ध होता! मुलाला मिळालेली पहिली बंदूक होती तोंडाकडून बार भरावयाची दुनळी, आणि तिचीही एक नळी फुटलेली. लहानपणी एकदा झुडुपाआड अचानक वाघ समोर आला, मुलाकडे पाहून क्षणभर थांबला आणि काही न करता निघून गेला, अशी आठवण पुढे त्यांनी लिहून ठेवली आहे. वाघ हा विनाकारण माणसाच्या वाटेस न जाणारा, मोठ्या मनाचा प्राणी आहे, हे त्यांचे मत त्या दिवसापासून कधी बदलले नाही.

तरुणपणी पोटासाठी त्यांना कुमाऊँ सोडावे लागले. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत प्रथम इंधनाच्या खात्यात आणि नंतर बिहारमधील मोकामा घाटावर त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. तेथे गंगेवर पूल नव्हता. एका तीरावर रुंद रूळ, पलीकडे अरुंद रूळ. मधला सगळा माल माणसांनी डोक्यावरून उतरवावयाचा आणि चढवावयाचा. या कामाचे कंत्राट कॉर्बेट यांनी घेतले होते. मजुरांबरोबर ते स्वतः राबत. त्यांच्या मुलांसाठी स्टेशनमास्तर रामसरन यांच्या साहाय्याने त्यांनी शाळा काढली, आणि नफ्यातला वाटा मजुरांना दिला. आजोबांनी घेतलेल्या दोन रुपयांच्या कर्जापायी नातवापर्यंत सावकाराच्या पाशात अडकलेल्या बुधू नावाच्या मजुराची हकीकत 'माय इंडिया' या पुस्तकात आहे. कॉर्बेट यांनी वकील गाठला आणि त्या माणसाला ऋणमुक्त केले. ही हकीकत ज्याने वाचली आहे, त्याला कालाढूंगीत पुढे काय घडले त्याचे नवल वाटणार नाही.

१९१५ च्या सुमारास कॉर्बेट यांनी कालाढूंगीलगतची दोनशे एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. ती बहुतांशी ओसाड पडलेली होती. तेथे त्यांनी कुळे आणून वसवली. गावाला नाव मिळाले छोटी हल्द्वानी. हल्द्वानी हे नाव हळदू वृक्षावरून पडले आहे. आपण ज्याला हेद म्हणतो तोच हा वृक्ष. पूर्वी या बाजूला त्याची मोठी वने होती. वनाला लागून शेत असणे म्हणजे काय, ते आपल्याकडील शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. दिवसभर राबून पेरावे आणि रात्री रानडुकरांनी, हरणांनी, साळिंदरांनी खाऊन टाकावे. काट्याकुट्यांची कुंपणे दर वर्षी नव्याने घालावी लागत आणि ती दर वर्षी मोडत. पीक उभे असेतोवर घरातल्या कर्त्या पुरुषाने रात्री मचाणावर डबे वाजवीत काढावयाच्या, आणि दिवसा पुन्हा नांगर धरावयाचा. एवढे करूनही धान्य घरी येईलच याचा भरवसा नाही.

जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेल्या या माणसाने यावर काढलेला उपाय बंदुकीचा नव्हता. सारा गाव वेढील अशी दगडी भिंत त्यांनी स्वखर्चाने बांधावयास घेतली. जवळजवळ पुरुषभर उंचीची आणि काही किलोमीटर लांबीची ही भिंत पुरी होण्यास अनेक वर्षे लागली. दगडाला तोटा नव्हता, कारण भाबरची भूमीच दगडांची. भिंत उभी राहिल्यावर जनावरे बाहेर राहिली आणि पीक आत राहिले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पीक खाणारे प्रत्येक जनावर मारून टाकावे, असा मार्ग त्या माणसाला सहज सुचला असता. नेमबाजीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु वनातील प्राण्यांनी वनात राहावे, माणसांनी शेतात राहावे, आणि दोहोंच्या मध्ये एक हद्द असावी, एवढाच व्यवहार त्यांनी पाहिला. आज ठिकठिकाणी शेताभोवती विजेच्या तारा लावून शेतकरी हाच प्रश्न सोडवू पाहत आहेत. भिंतीचा बराच भाग कालमानाने ढासळला असला, तरी तिचे लांबच लांब तुकडे गावात अजून उभे आहेत. घराकडे जाण्यापूर्वी त्या भिंतीवर एकदा हात ठेवून पाहावा.

घर बांधले गेले १९२२ साली. आता आपण फाटकापाशी आलो आहोत. आत कॉर्बेट यांचा अर्धपुतळा आहे. झाडांच्या सावलीत उतरत्या छपराचा बैठा बंगला, पुढे पडवी, आत काही खोल्या. त्या काळच्या साहेबांच्या बंगल्यांशी तुलना केली तर हे घर अगदीच साधे. जिम यांनी लग्न केले नाही. त्यांच्याबरोबर येथे राहत असे ती त्यांची भगिनी मॅगी, तीही अविवाहित. वयाने थोडीशीच मोठी असलेली ही बहीण त्यांची आयुष्यभराची सोबतीण होती. हे घर म्हणजे या दोघा भावंडांचा हिवाळ्यातील संसार.

खोल्यांमधून आज त्यांच्या वापरातील मेज-खुर्च्या, जुनी छायाचित्रे, पत्रे आणि त्यांच्या आयुष्याची हकीकत सांगणारे फलक मांडलेले आहेत. पाहणाऱ्याने फार घाई करू नये. परंतु आतल्या वस्तू पाहून झाल्यावर पुन्हा पडवीत येऊन जरा वेळ बसावे, कारण या घराचे सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे ही पडवी. आसपास डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता. हिवतापाने फणफणलेली मुले, विळ्याने कापलेले हात, जनावरांनी केलेल्या जखमा, असे सारे या घराच्या दारी येत. मॅगी आणि जिम त्यांना औषध देत, मलमपट्टी करीत आणि त्याचा पैसा घेत नसत. तंटेही येथेच येत. गावातील चौपाल, म्हणजे ज्या चावडीवर कॉर्बेट ग्रामस्थांबरोबर बसत, ती जागाही गावकरी पाहुण्यांना दाखवितात. 'कॉर्बेट' हे नाव उच्चारावयास अवघड, तेव्हा कुमाऊँच्या खेड्यांनी त्याचे 'कारपेट साहेब' करून टाकले. आपण परक्याचे नाव आपल्या जिभेला जुळवून घेतो, तेव्हा त्या माणसालाही थोडेफार आपलेसे करून घेतलेले असते.

आवारात रॉबिनची समाधी आहे. रॉबिन हा कॉर्बेट यांचा स्पॅनिएल जातीचा कुत्रा. पिलांमधील सर्वांत किरकोळ पिलू त्यांनी १५ रुपयांना विकत घेतले होते. पुढे वाघांच्या मागावर तो त्यांच्याबरोबर हिंडला. ज्या पुस्तकाने कॉर्बेट यांना जगात प्रसिद्धी मिळाली, त्यात वाघांच्या कथांच्या रांगेत रॉबिनलाही स्वतंत्र प्रकरण मिळालेले आहे. बरोबर लहान मुले असतील तर ती या समाधीपाशीच जास्त रेंगाळतात.

आता त्या वाघांविषयी थोडे. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली, अशी नोंद आहे. कॉर्बेट यांनी तिला १९०७ साली मारले. रुद्रप्रयागच्या बिबट्याने केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावर आठ वर्षे दहशत बसविली होती. सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी घेतलेला हा बिबट्या १९२६ च्या मे महिन्यात संपला. मधल्या आणि नंतरच्या वर्षांत असे अनेक नरभक्षक त्यांनी मारले. दुर्गम डोंगरांतून पायी, पुष्कळ वेळा एकट्याने, रात्र रात्र जागून हे काम त्यांनी केले. चंपावतच्या मोहिमेवर जाण्यापूर्वी त्यांनी सरकारला अट घातली की लावलेले बक्षीस मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा, अशी आपली गणना व्हावी हे त्यांना मान्य नव्हते.

मारलेल्या प्रत्येक नरभक्षकाचे शरीर ते बारकाईने तपासत. चंपावतच्या वाघिणीचे सुळे बंदुकीच्या जुन्या गोळीने मोडलेले होते. कोणाच्या पंजात साळिंदराचे काटे रुतून सडलेले, तर कोणी म्हातारपणाने निकामी झालेला. वाघ स्वभावाने नरभक्षक नसतो. जखमेमुळे वा वार्धक्यामुळे नेहमीचे भक्ष्य पकडता येईनासे झाले म्हणजे तो माणसाकडे वळतो, आणि ती जखम अनेकदा माणसानेच केलेली असते, हा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या काळात वाघ हा केवळ शिकारीचा विषय होता, त्या काळात ही गोष्ट सांगावयास धैर्य लागत होते. पुढे पुढे त्यांनी बंदुकीऐवजी चलच्चित्रांचा कॅमेरा हाती घेतला. कॅमेऱ्याच्या आवाजाने वाघ बुजू नये म्हणून एका ओढ्याला बांध घालून त्यांनी लहान लहान धबधबे तयार केले होते, म्हणजे पाण्याच्या खळखळाटात यंत्राची घरघर बुडून जावी. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्याची हद्द आखण्याच्या कामीही त्यांचे साहाय्य झाले होते. तेव्हा त्या उद्यानाला संयुक्त प्रांताचे गव्हर्नर हेली यांचे नाव होते.

येथवर वाचून एखादा चोखंदळ वाचक विचारील: हे सारे खरे, परंतु हा माणूस राज्यकर्त्यांच्या जातीचा होता ना? जमीन विकत घेऊन कुळे वसविणारा जमीनदारच ना? आणि नरभक्षक नसलेले वाघही त्याने मारले होते ना? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे होकारार्थीच आहेत. कालाढूंगीपासून जवळच असलेल्या पवलगढच्या वनात १९३० साली त्यांनी मारलेला प्रचंड वाघ माणसे खाणारा नव्हता. तो नामांकित होता, एवढाच त्याचा अपराध. कॉर्बेट हे साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते. कुमाऊँच्या खेडुतांवर त्यांनी जीव लावला, तो वडीलकीच्या नात्याने; ते खेडूत एक दिवस स्वतःचा कारभार स्वतः पाहतील, याची ओढ त्यांच्या लिखाणात शोधूनही फारशी सापडत नाही. हे झाकून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. नव्या राज्यात आपल्याला स्थान उरेल की नाही, अशी शंका त्या वृद्ध भावंडांच्या मनात आली. जन्म येथला, आईवडिलांची हाडे येथली, भाषा येथली. आणि तरीही वयाच्या बहात्तराव्या वर्षी कॉर्बेट यांनी नैनीतालचे घर विकले आणि वर्षअखेरीस मॅगीसह ते आफ्रिकेत केनियास निघून गेले. स्वतंत्र झालेल्या देशात कारपेट साहेबांना कोणी इजा केली असती असे वाटत नाही. पण भीती हिशेब करीत नसते. न्येरी या गावी राहून त्यांनी 'माय इंडिया' आणि 'जंगल लोअर' ही पुस्तके लिहिली. पैकी पहिले, १९५२ साली आलेले, त्यांनी भारतातील दरिद्री माणसांना, आपले मित्र म्हणून, अर्पण केले आहे. आफ्रिकेतील त्या घरात बसून ते लिहीत होते ते मोकामा घाटाच्या मजुरांविषयी, कुंवरसिंगाविषयी आणि छोट्या हल्द्वानीच्या मोतीविषयी. १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

मालक समुद्रापलीकडे गेला म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेचे काय होते, याची उदाहरणे आपण त्या काळात पुष्कळ पाहिली. छोट्या हल्द्वानीत निराळे घडले. कॉर्बेट यांच्या इच्छेप्रमाणे गावची जमीन ती कसणाऱ्या कुटुंबांकडे गेली. ज्या मोतीचे नाव वर आले, त्याच्यासाठी कॉर्बेट यांनी बांधून दिलेले घर गावात आजही 'मोती हाउस' म्हणून ओळखले जाते. कॉर्बेट यांनी गावातील एका सहकाऱ्याला दिलेली जुनी बंदूकही गावकऱ्यांनी जपून ठेवली आहे.

बंगला मात्र खाजगी मालकीचा झाला होता, आणि कोणत्याही जुन्या बंगल्याप्रमाणे तोही एक दिवस पडून गेला असता. १९६५ साली उत्तर प्रदेशाचे तेव्हाचे वनमंत्री चरणसिंह यांच्या पुढाकाराने तो २०,००० रुपयांना विकत घेऊन वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आला, आणि १९६७ साली तेथे संग्रहालय उघडले. चरणसिंह हे शेतकऱ्यांचे पुढारी. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. जमीनदारी नष्ट करण्याच्या कायद्यासाठी झटलेल्या या माणसाने एका परदेशी वंशाच्या जमीनदाराचे घर राखावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्यापूर्वीच, १९५७ साली, स्वतंत्र भारताने त्या राष्ट्रीय उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव दिले होते. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही त्याच उद्यानातील ढिकाला येथून झाला. परराज्याचा अंमल संपविणे आणि त्या अंमलात झालेले एखादे चांगले काम मानणे, या दोन गोष्टी एकाच राष्ट्राला एकाच वेळी करता येतात. कालाढूंगीचे घर याची साक्ष देते. जो देश आपल्याला ठेवून घेईल की नाही अशी शंका त्या वृद्धाला आली होती, त्या देशाने त्यांच्यामागे त्यांचे घर ठेवून घेतले.

राज्ये बदलली, २००० साली उत्तराखंड वेगळे झाले, परंतु घराची देखभाल चालू राहिली. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी विकास समिती स्थापून या कामात स्वतःचा हात घातला आहे. गावातील तरुण पाहुण्यांना पाऊलवाटेने हिंडवून भिंत, चौपाल, मोती हाउस आणि पाण्याचे पाट दाखवितात. काही घरांतून पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होते. त्यातून चार पैसे गावात राहतात आणि आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी नातवंडांच्या तोंडी राहतात. हे केवळ सरकारी संग्रहालय असते, तर दरवाजा उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ एवढेच त्याचे जीवन राहिले असते. गाव भोवती असल्यामुळे हे घर अजून घर वाटते.

आपणांस जावयाचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. कॉर्बेट कुटुंबही याच दिवसांत खाली उतरत असे. सकाळी निघावे, प्रथम गाव पायी फिरावे, भिंत पाहावी आणि मग संग्रहालयात शिरावे. जाण्यापूर्वी घरातल्या मुलांना कॉर्बेट यांची एखादी कथा वाचून दाखविली तर फारच उत्तम. त्या कथांचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे: कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पुस्तक १९४४ साली मुंबईत प्रसिद्ध झाले आणि तेथून ते जगभर गेले.

आणि परत आल्यावर आपल्या गावाकडे एकदा निराळ्या दृष्टीने पाहावे. ओसाड माळावर पहिली विहीर खणणारा, पहिली शाळा भरविणारा, साथीच्या दिवसांत दारी आलेल्याला औषध देणारा कोणी ना कोणी प्रत्येक गावात होऊन गेलेला असतो. त्याचे घर बहुधा अजून उभे असते. कौले फुटलेली, दाराला कुलूप, वारस शहरात. अशा घरासाठी फार मोठा निधी लागतो असे नाही. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे, दोन खोल्या झाडून त्यात त्या माणसाच्या चार वस्तू व चार छायाचित्रे मांडणे, आणि त्याची हकीकत ज्यांना ठाऊक आहे अशा वृद्धांकडून ती वेळीच लिहून घेणे, एवढ्यावर आरंभ होतो. छोट्या हल्द्वानीच्या शेतकऱ्यांना एवढे जमले, आणि तेही एका परक्याच्या घरासाठी. आपल्या माणसांच्या घरांसाठी आपल्यालाही ते जमावयास हरकत नाही.